बूस्टर सीट कधी सोडायची? बडोद्यातल्या आईबाबांसाठी पायरीपायरीने

मूल सहा-सात वर्षांचं झालं की घरात एक प्रश्न हमखास निघतो: गाडीच्या सीटवर मुलाला उंच बसवणारी ही बूस्टर सीट आता काढायची का? सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शाळेच्या फाटकापाशी, नात्यातल्या लग्नात, मला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. सगळ्यांना एक आकडा हवा असतो. सात? आठ? दहा?

वयाचा आकडा देऊन हा प्रश्न सुटत नाही. गाडीचा पट्टा तुमच्या मुलाच्या अंगावरून कुठून जातो, त्यावर तो सुटतो. बूस्टरशिवाय बसल्यावर पट्टा योग्य हाडांवर टेकत असेल आणि सगळा प्रवास तिथेच राहत असेल, तर बूस्टरचं काम संपलं. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान घडतं. आपल्या घरांत बूस्टर काढतात त्याच्या किती तरी नंतर.

खाली लिहिलंय ते बूस्टर नव्याने वापरणाऱ्यांसाठी, आणि ज्यांनी ती घाईने माळ्यावर टाकली आहे त्यांच्यासाठीही. माळ्यावरून खाली काढता येते.

आधी बूस्टर करते काय ते समजून घ्या

गाडीतला सीट बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाने बेतलेला असतो. त्याचे दोन भाग: एक मांडीवरून आडवा जातो, दुसरा खांद्यावरून तिरका. मांडीवरच्या पट्ट्याने कमरेची हाडं धरायची असतात. पँटच्या खिशाच्या थोडं वर दोन्हीकडे हात लावून बघा, पुढे आलेली टणक हाडं लागतील. धडक बसली की मोठ्या माणसाचा पट्टा त्या हाडांना अडकतो आणि सगळा मार हाडं झेलतात.

लहान मुलांची ती हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात. शिवाय पाय आखूड. सीटला पाठ टेकवली तर गुडघे सीटच्या कडेपर्यंत पोचत नाहीत, पाय समोर काठीसारखे सरळ राहतात. कुठलंही मूल अशा अवस्थेत दोन मिनिटांत पुढे घसरतं, म्हणजे गुडघे दुमडता येतात. घसरलं की मांडीवरचा पट्टा वर सरकून पोटावर येतो. पोटात हाड नाही. आतडी, यकृत, प्लीहा आहेत आणि मागे मणका. जोराच्या धडकेत पट्टा तिथे रुततो आणि मूल कमरेत मधोमध दुमडलं जातं. पोटाच्या आतल्या आणि मणक्याच्या गंभीर दुखापती अशाच होतात.

वरचा पट्टाही बुटक्या मुलाच्या गळ्याला घासतो. मग मूल तो काखेखालून घेतं किंवा सरळ पाठीमागे टाकतं. आता छाती धरून ठेवायला काहीच उरलं नाही.

बूस्टर मुलाला वर उचलते, बस्स. मूल वर आलं की मांडीचा पट्टा खाली कमरेच्या हाडांवर येतो, खांद्याचा पट्टा गळ्यापासून दूर होतो, गुडघे कडेला दुमडतात. मुलाला धरून ठेवतो तो गाडीचाच पट्टा. म्हणून पट्टा न लावता नुसत्या बूस्टरवर बसवण्याला काहीच अर्थ नाही.

किती जोराचं बोलतोय आपण? गाडी ताशी ५० किलोमीटरच्या वेगात असताना धडकून अर्ध्या मीटरभरात थांबली, तर शरीरावर स्वतःच्या वजनाच्या साधारण वीसपट भार येतो. २० किलोच्या मुलासाठी ४०० किलो. जुन्या पाद्रा रोडवर रात्री रस्ता मोकळा असला की ५० हा वेग कुणाला वेगसुद्धा वाटत नाही. आणि ४०० किलो कुठलीही आई, कुठलेही आजोबा मांडीवर धरून ठेवू शकत नाहीत.

पहिली पायरी: उंची मोजा

दाराच्या चौकटीला मुलाला अनवाणी उभं करा, टाचा-पाठ-डोकं टेकवून. डोक्यावर वही आडवी ठेवून पेन्सिलने खूण करा आणि मोजपट्टीने मोजा. अंदाजाने सांगितलेली उंची पुष्कळदा चुकते. बालरोगतज्ज्ञांकडच्या फाइलमध्ये वाढीचा तक्ता असेल तर तोही बघून ठेवा, पुढच्या वर्षभरात किती वाढेल याचा अंदाज येतो.

आता आकडे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात, साधारण १४५ सेंटिमीटर म्हणजे ४ फूट ९ इंच उंची होईपर्यंत बूस्टर ठेवा. जर्मनीत कायद्याने १५० सेंटिमीटर किंवा बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत लागते. ब्रिटनमध्ये हद्द १३५ सेंटिमीटर किंवा बारा वर्षं. या तफावतीने गोंधळून जाऊ नका. कायद्याला कुठे तरी रेघ मारावीच लागते. गाड्यांच्या सीट मात्र कमी-जास्त खोल असतात, आणि सारख्या उंचीच्या दोन मुलांत एकाचे पाय लांब तर दुसऱ्याचं धड लांब असतं.

मी हे आकडे असे वापरते. १३५ च्या खाली असेल तर विषयच नाही, बूस्टर राहणार. १३५ ते १५० मध्ये असेल तर पुढची चाचणी करायची आणि ती सांगेल ते ऐकायचं. १५० च्या वर बहुतेक मुलं चाचणीत पास होतात, तरी एकदा बसवून बघायचंच.

दुसरी पायरी: गाडीत बसवून बघा

हेच या सगळ्यातलं मुख्य काम आहे, म्हणून सावकाश करा. घाईत शाळेला निघताना करू नका. रविवारी सकाळी गाडी सावलीत उभी करून, मुलाला रोजच्या कपड्यांत, बूट घालून मागच्या सीटवर खिडकीकडच्या जागी बसवा. बूस्टर काढा. पट्टा लावा. सीट थोडी मागे कलती असेल तर सरळ करून घ्या.

मग गाडीचं दार उघडं ठेवून बाजूने बघा, पुढून नव्हे. बाजूने बघितल्याशिवाय पाठ टेकली आहे की नाही ते कळत नाही.

पाठीचा खालचा भाग, अगदी कमरेपर्यंत, सीटला टेकलेला हवा. तुमचा तळहात मुलाच्या कमरेमागे सरकवून बघा. हात सहज आत गेला तर मूल पुढे सरकलेलं आहे.

आता गुडघे. पाठ तशीच टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेवर दुमडायला हवेत आणि पावलं गाडीच्या तळाला सपाट टेकायला हवीत. बहुतेक मुलं इथेच नापास होतात. नऊ वर्षांचं, वर्गात उंच गणलं जाणारं मूलही पुष्कळदा इथे अडकतं, कारण काही गाड्यांच्या मागच्या सीट खूप खोल असतात.

मांडीचा पट्टा हाताने चाचपा. त्याची खालची कड मांडीच्या वरच्या भागाला लागायला हवी आणि पट्टा कमरेच्या दोन हाडांवर बसायला हवा. बेंबीच्या जवळपास असेल तर नाही. मुलाला तिथे बोट ठेवून दाखवा: "हे हाड लागतंय? पट्टा याच्यावर हवा." मुलांना हे पटकन कळतं आणि पुढे ती स्वतःच तपासतात.

खांद्याचा पट्टा गळा आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध यायला हवा आणि छातीच्या मध्यावरून जायला हवा. गळ्याला घासत असेल किंवा खांद्यावरून घसरून दंडावर येत असेल तर नापास.

पाचवी अट वेळेची आहे: मूल असंच, याच स्थितीत, सगळा प्रवास बसू शकतं का? ही पार्किंगमध्ये तपासता येत नाही. तिच्यासाठी वेगळी पायरी ठेवली आहे.

यातलं एकही उत्तर "नाही" आलं तर बूस्टर चालू ठेवायची. पाचातली चार म्हणजे ऐंशी टक्के, पास, असा शाळेचा हिशेब इथे लावू नका. तीन-चार महिन्यांनी परत बघा.

तिसरी पायरी: प्रत्येक गाडीत पुन्हा

तुमच्या गाडीत मूल पास झालं म्हणजे मामाच्या गाडीत पास झालं असं नाही. छोट्या हॅचबॅकची मागची सीट आखूड असते, तिथे गुडघे लवकर पोचतात. मोठ्या एसयूव्हीत सीट खोल, पट्ट्याचा वरचा खिळा उंच. तेच मूल, त्याच आठवड्यात, एका गाडीत बूस्टरशिवाय नीट बसतं आणि दुसऱ्या गाडीत पट्टा गळ्यावर येतो. असं असेल तर एका गाडीत बूस्टरशिवाय आणि दुसरीत बूस्टरवर बसवा.

एकाच गाडीतही जागेनुसार फरक पडतो. जुन्या गाड्यांत मागे मधल्या जागी बहुतेक वेळा फक्त कमरेचा पट्टा असतो, खांद्याचा नसतो. तिथे बूस्टर लावायची नाही आणि लहान मुलालाही बसवायचं नाही. बूस्टरला तीन ठिकाणी बांधलेला पट्टा लागतोच. सात सीटच्या गाडीत तिसऱ्या रांगेत मुलांना कोंबण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिथे प्रत्येकाला खांद्याचा पट्टा आहे का, आणि डोक्यामागे हेडरेस्ट आहे का, ते निघण्याआधी बघा.

आणि एक: पाच जणांच्या गाडीत सात जण बसले की ही सगळी चर्चा संपते. पावागडला जाताना "दोन छोटी मुलं आहेत, मांडीवर बसतील" असं ठरतं, तिथे मी तरी दुसरी गाडी किंवा एसटी सुचवते. वाईटपणा येतो. तो घ्यावा.

चौथी पायरी: झोपेची परीक्षा

बडोद्यातून गरुडेश्वरला जाणारी मराठी कुटुंबं पुष्कळ. डभोई, तिलकवाडा करत सकाळी जायचं, टेंब्ये स्वामींच्या समाधीचं दर्शन, नर्मदेच्या घाटावर थोडं बसायचं, जेवून परत. जाताना मुलं खिडकीतून बघत सरळ बसलेली असतात. खरी परीक्षा परतीची. ऊन, पोट भरलेलं, पाण्यात खेळून दमलेलं अंग. डभोई यायच्या आत मान कलते, अंग दाराकडे झुकतं, कंबर पुढे घसरते आणि पट्टा पोटावर चढतो.

म्हणून पार्किंगमधली चाचणी पास झालेल्या मुलालाही पहिल्या दोन-तीन लांबच्या प्रवासांत बूस्टर गाडीत ठेवूनच न्या. कुणी तरी मोठं माणूस मागे शेजारी बसू द्या आणि मूल झोपलं की बघू द्या: पट्टा कुठे आहे? कंबर टेकलेली आहे? पट्टा हलला असेल तर गाडी थांबवून बूस्टर लावायची, वाद न घालता. झोपेत सरळ राहता येत नाही हा मुलाचा दोष नाही, अजून अंग तेवढं वाढलेलं नाही इतकंच.

जी मुलं गाडीत झोपतातच, त्यांच्यासाठी पाठ असलेली बूस्टर घ्या, नुसत्या बैठकीची नको. पाठ असलेल्या बूस्टरला दोन्ही बाजूंना कानाजवळ आधार असतो आणि खांद्याच्या पट्ट्यासाठी खाच असते. झोपेत मान कलली तरी पट्टा खांद्यावरच राहतो. बाजूने धडक बसली तर डोक्याला थोडा आडोसाही मिळतो. युरोपच्या आताच्या नियमांत नव्या मॉडेलच्या बिनपाठीच्या बूस्टरना १२५ सेंटिमीटरच्या वरच्या मुलांसाठीच मान्यता मिळते. मीही तीच रेघ पाळते.

बूस्टरवर कधी यायचं

हे थोडक्यात. खूप जण उलट बाजूने घाई करतात: तीन वर्षांच्या मुलाला, स्वतःचे पट्टे असलेल्या कार सीटमधून काढून बूस्टरवर बसवतात. ज्या कार सीटला खांद्यांवरून येणारे स्वतःचे पट्टे असतात, त्यात मूल जितके दिवस मावेल तितके दिवस ठेवा. सीटवर लिहिलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा ओलांडली, किंवा खांदे पट्ट्यांच्या सगळ्यात वरच्या खाचेच्या वर गेले, की मग बूस्टर. काही बूस्टरवर १५ किलोपासून चालेल असं लिहिलेलं असतं, पण चार वर्षांच्या आतलं मूल पट्ट्याखाली शांत बसत नाही. वाकतं, वळतं, बकल सोडतं. चार वर्षं पूर्ण आणि साधारण १८ किलो होईपर्यंत थांबलेलं बरं.

विकत घेताना सीटच्या मागे किंवा तळाशी मान्यतेचं लेबल शोधा. भारतीय मानक एआयएस-०७२, किंवा युरोपचं आर-४४ वा आर-१२९. युरोपच्या लेबलवर वर्तुळात ई अक्षर आणि आकडा असतो. लेबलच नसेल तर रंग कितीही छान असो, ठेवून द्या.

काय घेऊ नये

बूस्टरच्या ऐवजी उशी, गादीची घडी, जाड पुस्तक: नाही. धडकेत उशी दबते आणि घसरते, मूल पट्ट्याखालून पुढे सरकतं. बूस्टरला पट्टा अडकवायला दोन्ही बाजूंना कानासारख्या खाचा असतात, त्या पट्टा खाली धरून ठेवतात. उशीला त्या नाहीत.

ऑनलाइन मिळणारा तिकोनी कापडी तुकडा, जो खांद्याचा पट्टा आणि मांडीचा पट्टा एकत्र बांधून गळ्यापासून खाली ओढतो, तोही नको. गळ्याला घासणं थांबतं हे खरं, पण तो मांडीचा पट्टा वर पोटाकडे खेचतो. म्हणजे जे टाळायचं तेच होतं.

पट्टा न लावल्यावर वाजणारा पिंपिं आवाज बंद करायला बकलमध्ये खोचायची क्लिप मिळते. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना तिची विक्री थांबवायला लावली. तुमच्या गाडीत अशी क्लिप असेल तर आज काढून टाका, मुलांच्या देखत.

नवरात्र, लग्न आणि थंडी

बडोद्यात नवरात्रात मुली चणिया-चोळीत रात्री गाडीत बसतात. त्या घेराचा मांडीवर एवढा ढीग होतो की पट्टा कापडावर बसतो आणि हाडांपासून चार बोटं दूर राहतो. धडकेत कापड दबतं आणि पट्टा तेवढाच सैल पडतो. घेर दोन्ही हातांनी बाजूला करून पट्टा त्याच्या खालून, थेट मांडीलगत घ्या आणि मग घेर वरून पसरवा. आरसे आणि कवड्या असतील तर पट्ट्याखाली येऊ देऊ नका, टोचतात आणि मग मुलगी पट्टा सैल करते. जाड स्वेटर, जॅकेट, लग्नातली शेरवानी यांचंही तेच: बटणं उघडून पट्टा आतून घ्यायचा.

मे महिन्यात बडोद्याचं ऊन ४० अंशांच्या वर जातं. उन्हात उभ्या गाडीतलं बकलचं धातूचं टोक चटका देतं. बूस्टरवर पांढरा पंचा टाकून ठेवा आणि बकल स्वतः हात लावून बघून मगच लावा. एकदा चटका बसला की मूल पुढचे आठ दिवस पट्ट्याला नाही म्हणतं.

पुढची सीट

बूस्टर सुटली म्हणजे पुढे बसायचा परवाना मिळाला, असं मुलं समजतात. तसं नाही. तेरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांची जागा मागेच. पुढची एअरबॅग मोठ्या माणसासाठी बेतलेली असते आणि फार वेगाने उघडते. लहान मुलाचं डोकं आणि मान तिच्या नेमक्या वाटेत येतात. नाइलाजाने पुढे बसवावंच लागलं तर सीट जाईल तेवढी मागे सरकवा आणि मुलाची पाठ टेकलेली ठेवा.

पोलीस अडवणार नाहीत

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन कलम १९४-बी आलं. १ सप्टेंबर २०१९ पासून ते लागू आहे. चौदा वर्षांखालचं मूल सीट बेल्टने किंवा मुलांच्या सुरक्षा साधनाने बांधलेलं नसेल, तर केंद्रीय कायद्यात १,००० रुपये दंड आहे. याचा अर्थ असा की सात वर्षांच्या मुलाला नुसत्या मोठ्यांच्या पट्ट्यात बसवलं तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही चुकलेले नाही. पट्टा मुलाच्या पोटावर आहे की हाडावर, ते हवालदार बघणार नाही. ते बघायचं काम पूर्णपणे आईबाबांचं आहे, आणि म्हणूनच मी एवढं विस्ताराने लिहितेय.

घरच्यांशी आणि मुलांशी कसं बोलायचं

"आम्ही काय असेच नाही वाढलो? चौघं पोरं मागे उभी राहून जायची." आजोबांचं हे वाक्य दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यापासून मांजलपूरच्या फ्लॅटपर्यंत प्रत्येक घरात ऐकू येतं. त्यांना खोडून काढू नका, रस्ता दाखवा. तेव्हा फियाट रावपुऱ्यातून स्टेशनपर्यंत जायची. आज घरातून निघालेली गाडी काही मिनिटांत दुमाड चोकडीवरून अमदावादच्या ९३ किलोमीटरच्या एक्सप्रेसवेला लागते, नाही तर मुंबईच्या हायवेला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते याच अमदावाद–मुंबई हायवेवर, पालघरजवळ. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. मागे बसलेला सुरक्षित असतो हा समज त्या दिवसापासून पुष्कळ आजोबांनी सोडला. माझ्या सासऱ्यांनी तरी सोडला. आता ते नातवाच्या आधी स्वतःचा पट्टा लावतात.

मुलांचं दुखणं वेगळं असतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मित्रांनी "अजून बाळाच्या खुर्चीत बसतोस?" म्हटलं की पुढचे सगळे प्रवास भांडणाचे. त्याला भीती घालू नका, चाचणी त्याच्याच हातात द्या. पाच प्रश्न त्याला पाठ करू द्या. दाराच्या चौकटीवर १४५ ची रेघ मारून ठेवा. "तू मोठा झालास की नाही ते मी ठरवत नाही, पट्टा ठरवतो, आणि तो तूच बघायचा" हे मुलांना पटतं, कारण ते खरं आहे. बिनपाठीची छोटी काळी बूस्टर खिडकीतून बाहेरच्याला दिसतही नाही. १२५ च्या वर गेलेल्या आणि गाडीत न झोपणाऱ्या मुलासाठी ती चांगली तडजोड आहे.

शेजारच्यांच्या गाडीतून क्लासला पाठवता तेव्हा ही छोटी बूस्टर मुलासोबत द्या. ती वजनाला हलकी असते, मूल स्वतः उचलू शकतं. "आमच्याकडे पट्टा लावायची सवय नाही" असं कुणी म्हणालं तर मूल त्या गाडीतून जाणार नाही, हे नम्रपणे सांगायला हवं.

आणि रोजची ने-आण स्कूटरवर होत असेल, जी बडोद्यात पुष्कळ घरांत होते, तर तिथलेही नियम बघा: १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा हार्नेस (पट्ट्यांचं जाकीट) आणि नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेटही सक्तीचं आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

धडक बसलीच तर

मूल रडत नाही, चालतंय, म्हणून घरी परत येऊ नका. कपडे वर करून पोट बघा. पट्ट्याच्या रेषेत लाल किंवा निळसर वळ दिसला, पोट दुखतंय म्हणालं, उलटी झाली किंवा पाठ दुखली, तर लगेच १०८ बोलवा आणि सयाजी हॉस्पिटलमध्ये किंवा जवळच्या ज्या हॉस्पिटलात मुलांचे डॉक्टर आणि सर्जन आहेत तिथे जा. पट्ट्याचा वळ आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आतली दुखापत काही तासांनीही बोलू लागते.

बूस्टर सुटल्यावर तिचं काय करायचं

रिकामी बूस्टर मागच्या सीटवर सुटी ठेवू नका, तिलाही पट्टा लावा किंवा डिकीत टाका. धडकेत ती पुढच्याच्या डोक्यात येते. आइसोफिक्सचे हूक (गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना अडकणारे) असलेली बूस्टर असेल तर ती गाडीला अडकलेलीच असते, हा त्रास नाही.

आत्याच्या किंवा मावशीच्या मुलाला द्यायची असेल तर तीन गोष्टी तपासा. ती कधी मोठ्या धडकेत गाडीत होती का? असेल तर द्यायची नाही, वरून धड दिसली तरी. मान्यतेचं लेबल शाबूत आहे का? आणि तळाशी छापलेली बनवल्याची किंवा मुदतीची तारीख बघा. उन्हात वर्षानुवर्षं राहून प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून बऱ्याच कंपन्या मुदत लिहितात. सोबत माहितीपुस्तिका द्या, हरवली असेल तर मॉडेलचा नंबर कागदावर लिहून चिकटवा. आणि पहिल्यांदा लावताना त्यांच्या गाडीपाशी जाऊन, दार उघडं ठेवून, बाजूने बघून या.

द्यायच्या लायकीची नसेल तर भंगारवाल्याला अख्खी देऊ नका. कापड फाडा, बाजूचे कान करवतीने कापा, "वापरू नये" असं मार्करने मोठं लिहा, मगच टाका.